चाळिशी आली? कातडीलाही आच्छादन हवे!

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माणदेशातल्या एका गावी मारुतीच्या देवळात आमची सभा भरली होती. विषय होता डाळिंबाच्या बागेतले आच्छादन. उघड्या जमिनीवर ऊन पडले की ओल उडते, वाऱ्याने वरची माती जाते आणि मग भेगा पडतात. तेव्हा पाचट, पालापाचोळा, काडीकचरा जे मिळेल ते पसरा आणि जमीन झाका, असे मी नेहमीप्रमाणे तासभर सांगितले. पुरुषमंडळी माना डोलावत होती. दोघेतिघे डुलक्याही घेत होते. सभा संपली, चहा आला, आणि खांबाआडून एक बाई म्हणाल्या,

"सायेब, जमिनीला पांघरूण घाला म्हनता, ते पटलं. पर आमच्या कातड्याला काय घालायचं, ते बी सांगा की!"

सगळे हसले. मीही हसलो. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर जरा मागे घेतला आणि माझे हसू जागच्या जागी विरले. वय बेचाळीसच्या आसपास. दोन्ही गाल लालबुंद, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, आणि तिच्याखाली बारीक बारीक शिरांचे जाळे दिसत होते. दोन वर्षांपूर्वी गालावर वांग आले. त्यातच मुलीला बघायला पाहुणे येणार होते. शेजारणीने एक मलम दिले. महिन्याभरात चेहरा असा उजळला की गल्लीतल्या चार जणींनी तेच मलम आणले. पुढे मात्र उन्हात गेले की आग, चुलीपुढे बसले की आग. मलम बंद केले की चेहरा सुजायचा, म्हणून पुन्हा तेच लावायचे. असे चालले होते.

मी शेतकीचा पदवीधर. नोकरीची तीस वर्षे सोलापूर, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांत गावोगाव फिरण्यात गेली. कोणत्या पिकाला काय हवे ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण त्या माउलीच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. परतल्यावर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि पुढे त्वचारोगाच्या तज्ज्ञांना गाठून विचारपूस केली. जे समजले ते आधी स्वतःच्या अंगावर करून पाहिले आणि आता, वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्यापुढे ठेवतो आहे. यात महाग असे काही नाही. सकाळी पाच मिनिटे आणि रात्री पाच मिनिटे, एवढीच मागणी आहे.

चाळिशीत कातडीचे काय होते?

कातडी म्हणजे अंगावरची वरची माती समजा. मोठ्या माणसाच्या अंगावर ती दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा अगदी वरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि विटांच्या फटीत चुन्याच्या जागी एक स्निग्ध पदार्थ. ही भिंत आतली ओल आत राखते आणि बाहेरचे जंतू, घाण, विष बाहेरच अडवते. तरुणपणी हा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. वय चढेल तसा हा वेग मंदावतो, फटीतला चुना कमी पडू लागतो आणि अंगचे तेलही घटते. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या सुमारास हे तेल झपाट्याने कमी होते. पुरुषांचे जरा उशिरा. त्यामुळे विशीत ज्या थंडीची दखलही घेतली नाही, तीच थंडी चाळिशीत पिंढऱ्यांवर पांढरे ओरखडे उठवते, रात्री खाज आणते, टाचा फोडते.

शहरातल्या माणसाचे जे होते, त्याहून आपले अधिक होते. ऊन, वारा, चिखल, शेण, खते, औषधे, चुलीची धग हे सारे आपल्याच वाट्याला. उन्हाने कातडी नुसती रापत नाही. आतले जे धागे तिला ताठ धरून ठेवतात, ते ऊन तोडते. खरे वाटत नसेल तर आपल्याच दंडाची आतली बाजू आणि मनगटाची बाहेरची बाजू शेजारी धरून बघा. दोन्हींचे वय एकच, पण एक बाजू मऊ आणि दुसरी निबर. हा फरक वयाचा नव्हे, उन्हाचा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आता सामूची गोष्ट. जमिनीचा सामू आपल्याला ठाऊक आहे. साडेसहा ते साडेसात असला की बहुतेक पिके खूश. नऊवर गेला की जमीन चोपण होते. कातडीचाही सामू असतो. तो पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असतो. या आंबटपणामुळेच पुष्कळसे जंतू तिच्यावर तग धरत नाहीत. आणि आंघोळीच्या साबणाचा सामू किती? नऊ ते दहा! दिवसातून तीनतीनदा साबण चोळणे म्हणजे चांगल्या रानात रोज खारे पाणी सोडण्यासारखे आहे. तरुण कातडी ते सोसून लवकर पूर्वपदावर येते, चाळिशीतली कातडी येत नाही.

एवढे ध्यानात आले की पुढची चार कामे आपोआप पटतात.

पहिले काम : धुवा, पण खरवडू नका

आंघोळीचे पाणी कोमट घ्या. कढत पाण्याने बरे वाटते खरे, पण अंगचे तेल त्याबरोबर मोरीत जाते. साबण काख, जांघा, पाय आणि जिथे खरोखर मळ आहे तिथे लावा. हातापायांना आणि पाठीला रोज साबण हवाच असे नाही. चेहऱ्याला सकाळी नुसते पाणी पुरे. संध्याकाळी रानातून आल्यावर एकदा साबण किंवा डाळीचे पीठ दुधात कालवून लावले तरी चालते. पीठ हलक्या हाताने लावायचे, भांडे घासल्यासारखे नव्हे.

साबण घेताना वेष्टनावर टीएफएम असा आकडा पाहा. तो ७६ किंवा त्याहून अधिक असेल तर साबण पहिल्या प्रतीचा. कपड्याच्या साबणाने वा पावडरीने अंग, तोंड, हात धुण्याची सवय मात्र आजच सोडा. हाताला ग्रीस लागले म्हणून रॉकेल किंवा डिझेलने हात धुणारे माझे कितीतरी ट्रॅक्टरवाले मित्र आहेत. त्यांच्या बोटांना बारा महिने चिरा असतात. आधी थोडे खाण्याचे तेल चोळून ग्रीस सोडवावे, फडक्याने पुसावे आणि मग साबणाने हात धुवावेत. काम तेच होते आणि बोटे वाचतात.

दुसरे काम : ओल्या अंगाला तेल

आपण बहुतेक जण चुकतो ते इथे. अंग खडखडीत कोरडे झाल्यावर, संध्याकाळी कधीतरी आठवण झाली की तेल लावतो. पण तेल काही ओल आणत नाही. आहे ती ओल धरून ठेवते. वाफसा गेल्यावर आच्छादन टाकून काय उपयोग? तेव्हा आंघोळ होताच अंग टॉवेलने नुसते टिपा आणि दोनतीन मिनिटांच्या आत, अंग दमट असतानाच तेलाचा हात फिरवा. हात, कोपर, गुडघे, पिंढऱ्या, पावले, आणि उरलेले दोन थेंब चेहऱ्याला. एवढ्या एका बदलाने निम्मा कोरडेपणा जातो असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

तेल कोणते? घरात असेल ते खोबरेल उत्तम. सूर्यफुलाचे आणि आपल्या सोलापूरकडचे करडईचे तेलही चांगले, कारण कातडीच्या भिंतीला लागणारे लिनोलिक आम्ल त्यात भरपूर असते. तेलाने चेहऱ्यावर पुटकुळ्या उठत असतील तर तिथे तेल लावू नका. ग्लिसरीनचा एक भाग आणि पाण्याचे दोनतीन भाग असे मिश्रण लावा. फार फुटलेल्या कातडीला साधी पेट्रोलियम जेली सर्वांत गुणाची. आतली ओल उडू न देण्यात तिच्या तोडीचे दुसरे काही क्वचितच सापडेल.

हिशेब करून बघा. माणशी रोज एक चहाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर तेल. महिन्याचे झाले दीडशे मिलिलिटर. नवरा-बायको दोघांचे मिळून पाव लिटरहून थोडे जास्त. रंगीबेरंगी बाटलीतल्या मलमाचा खर्च याच्या कितीतरी पट होतो. दिवाळीच्या पहाटे आपली आजी सगळ्यांना तेल लावून उटण्याने न्हाऊ घालायची. थंडी सुरू होण्याच्या तोंडावरच हा सण येतो. आपण मात्र एक दिवस तेल लावून वर्षभर विसरलो.

तिसरे काम : ऊन अडवा

तेल उन्हाला अडवत नाही, हे आधी पक्के ध्यानात घ्या. उन्हाला अडवते ते कापड. दुपारी ऊन किती कडक आहे हे पाहायला घड्याळ नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की समजावे, आता ऊन कातडी खाते आहे. खुरपणी, तोडणी यांसारखी कामे जमतील तेवढी सकाळी लवकर आणि उन्हे कलल्यावर ठेवावीत. नाहीच जमले तर झाकून जावे.

बायकांनी साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवून रानात जाण्याची रीत पुष्कळ गावांत आहे. ती फार शहाणपणाची आहे. तिला हसू नका. डोक्यावरचा पदर कपाळाच्या पुढे येऊ द्या, किंवा रुमाल बांधून वर रुंद काठाची टोपी घाला. पुरुषांना सांगायचे तर आपली पांढरी टोपी डोके झाकते, पण कान, मान आणि नाक उघडेच राहते. वडीलधारी माणसे मुंडासे बांधायची आणि त्याचा शेव मानेवर सोडायची, त्यात अर्थ होता. मुंडासे नको असेल तर निदान उपरणे मानेवर घ्या.

उन्हासाठीचे मलम बाजारात मिळते. परवडत असेल आणि चेहऱ्यावर वांग असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचे घ्यावे. दोन बोटांवर भरून घेतले तर चेहऱ्याला आणि मानेला पुरते, आणि घाम आल्यावर दोनतीन तासांनी पुन्हा लावावे लागते. मोहरीएवढे लावून उपयोग नाही. पण कापड आधी, मलम नंतर.

एक इशारा. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात.

रानातले दोन शत्रू

चौथ्या कामाकडे वळण्याआधी माझ्या खात्यातल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिला शत्रू गाजर गवत. १९५६ साली पुण्यातून याची शास्त्रीय नोंद झाली आणि बघता बघता त्याने सारा देश व्यापला. याच्या सुकलेल्या पानाफुलांची धूळ हवेतून अंगावर बसते. काही वर्षे काही होत नाही. मग एखाद्या साली, बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या खाजू लागतात. कातडी काळवंडते, जाड होते. तो साबण बदलतो, पथ्य करतो, देवाला नवस बोलतो. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बांधावरचे गवत तसेच डोलत असते. एकदा का अंगाने या गवताशी वैर धरले की ते सहसा सुटत नाही. म्हणून हे गवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. ज्याला त्रास होतो त्याने ते उपटायला जाऊ नये. हे काम घरातल्या दुसऱ्याने करावे.

दुसरा शत्रू फवारणीचे औषध. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. विष तोंडावाटेच जाते असे नाही. श्वासातून जाते आणि कातडीतूनही जाते. फुटलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून तर अधिकच. तेव्हा लांब बाह्या, पायघोळ विजार, हातमोजे, बूट, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा घेतल्याशिवाय पंपाला हात लावू नका. अंगाला तेल चोपडले की औषध बाधत नाही, ही समजूत साफ खोटी आहे. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका. काम झाल्याबरोबर साबण लावून भरपूर पाण्याने आंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. घरधनीण ते कपडे धुते तेव्हा तिच्याही हाताला मोजे हवेत, हे लक्षात ठेवा. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधुकता असे काही वाटले तर औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

चौथे काम : रात्री पाय पाहा

आता जे सांगणार आहे ते माझ्या घरचे आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, जन्मभर रानात राबली. तिच्या टाचांना एवढ्या भेगा की त्यात ज्वारीचा दाणा बसावा. आम्ही सगळ्यांनी त्या पाहिल्या होत्या. पण शेतकऱ्याचे पाय असेच असायचे, यापलीकडे कोणाच्या मनात काही आले नाही. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी भेगेत पू झाला. तिने हळद भरली, चिंधी बांधली आणि कांदे काढायला गेली. दुखत नव्हते म्हणून ती निर्धास्त होती. दुखत नव्हते हेच खरे दुखणे होते. दवाखान्यात नेले तेव्हा कळले, रक्तातली साखर तीनशेच्या वर. किती वर्षांपासून, देव जाणे. साखरेने पायाची जाणीव मारून टाकली होती. तिची दोन बोटे काढावी लागली, तेव्हा पाय वाचला.

गावोगाव 'माती परीक्षण करा, माती परीक्षण करा' म्हणून ओरडत फिरणाऱ्या मला, सख्ख्या बहिणीचे रक्त एकदा तपासून घ्यावे असे कधी सुचले नाही. ही टोचणी मला जन्मभर राहील.

म्हणून सांगतो, रात्री निजण्यापूर्वी पाय पाहा. आधी कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय ठेवा. ज्यांना साखर आहे त्यांनी पाय भिजत ठेवू नयेत, नुसते धुवावेत, आणि पाणी किती गरम आहे ते आधी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावे. मग वज्रीने टाचेची मेलेली कातडी हलकेच उतरवा. रक्त निघेपर्यंत घासू नका, ब्लेडने कापू नका, भेगेत गरम मेण ओतू नका. साखर असणाऱ्यांनी वज्रीही लावू नये. पाय कोरडे करा आणि टाचेला पेट्रोलियम जेली, एरंडेल किंवा कोकमाचे तेल चोळा. मी रत्नागिरीकडे असताना घरोघरी कोकमाच्या बियांच्या या तेलाचा गोळा पाहिला आहे. तिकडे याला भिरंडेलही म्हणतात. थंडीत तो दगडासारखा असतो, पण हाताच्या उबेने चोळला की वितळतो आणि भेगेत मुरतो. वरून सुती मोजे घालून निजा. पंधरा दिवसांत फरक दिसतो. मागून उघड्या चपलेने टाच पसरते आणि फुटते. तेव्हा रानात बंद पादत्राण बरे.

पावसाळ्यात उलटे. भातलावणीत, उसाच्या पाण्यात पाय भिजून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथे तेल लावू नका. बेचक्या धुऊन, फडक्याने टिपून कोरड्या ठेवा. आठ दिवसांत बरे वाटले नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणि तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. गावच्या उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात ही तपासणी सरकारी कार्यक्रमातून होते. तिथे जायला लाजू नका.

उजळणारे मलम : गोड विष

आता पुन्हा त्या देवळातल्या बाईंकडे येऊ. त्यांनी लावलेल्या मलमात स्टेरॉइड होते. हे औषध वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या आजाराला, सांगितले तेवढेच दिवस लावले तर ते गुणकारी आहे. पण चेहऱ्यावर महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, कुणाकुणाला ओठांवर दाढीसारखे केस येतात. गजकर्णावर लावले तर चार दिवस खाज थांबते आणि आतून गजकर्ण घरभर पसरते. मलमाच्या नळीवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी नाव दिसले तर समजा, हे स्टेरॉइड. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. नियम आहे, पण चिठ्ठी न मागणारे दुकान आणि नळी उसनी देणारी शेजारीण, दोन्ही अजून आहेत. कुणी लावत असेल तर एकदम बंद करू नये. आग आणि सूज उसळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावे. ज्या डबीवर आत काय आहे हेच लिहिलेले नाही, तिच्यात पारा असू शकतो. तो मूत्रपिंडाला बाधतो. अशी डबी घरात आणूच नका.

वांग हे बहुधा ऊन, बाळंतपण, संप्रेरकांचे बदल आणि काहीसा घराण्याचा वारसा यांतून येते. त्यात पापही नाही आणि लाजही नाही. झाकणे, ऊन टाळणे आणि धीर धरणे हा त्याचा पहिला उपाय. आणखी एक बारीकसे : टिकलीच्या मागच्या चिकटाने काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसा दिसला तर टिकली बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

दवाखाना कधी गाठायचा?

महिन्याभरात न भरणारी जखम, रंग वा आकार बदलणारा तीळ, तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग, खाजत नाही पण जिथे टोचलेले कळत नाही असा फिकट चट्टा, पुन्हा पुन्हा उठणारे गजकर्ण, पुरळ नसताना सर्वांगाला सतत खाज, यांतले काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले तर रोग पुरता बरा होऊन माणूस धडधाकट राहतो.

जाता जाता विडी-सिगारेट ओढणाऱ्या मंडळींना एक शब्द. धुराने कातडीला होणारा रक्ताचा पुरवठा आखडतो आणि सुरकुत्या लवकर पडतात. फुप्फुसाची भीती वाटत नसेल तर निदान तोंडाची तरी वाटू द्या!

त्या बाई पुढे तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. वर्ष लागले. चेहऱ्याची आग थांबली, लाली उतरली. वांग थोडे आहे, ते राहिले आहे. गेल्या महिन्यात त्याच गावात पुन्हा सभा होती. बाई पुढे बसल्या होत्या. अंगात लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. मुलीचे लग्न झाले, चांगले झाले. त्या म्हणाल्या, "सायेब, पावन्यांनी माज्या गालाकडं बघितलं बी न्हाई. उगा जाळून घेतलं." मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "आता ह्यांच्या टाचा बगा जरा!"

मी पाहिल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठवले.

बंधू-भगिनींनो, आपण बैलाच्या खांद्याला गाठ आली तर हळद-तेल लावतो, गाईच्या सडाला चीर पडली तर लोणी लावतो. स्वतःच्या अंगाची पाळी मात्र कधी येत नाही. पण आक्काच्या तुटलेल्या बोटांकडे पाहिले की वाटते, अंगाकडे पाहणे ही चैन नव्हे. तेव्हा आज रात्री जेवणखाण उरकले की तेलाची वाटी घ्या, दिव्याजवळ बसा आणि एकमेकांच्या टाचा बघा. आपली आपल्याला नीट दिसत नाही. तीही दुसऱ्यानेच पाहावी लागते.